अटकमेंट

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

आजपासून रोजनिशी लिहायची. नोंद नसली की पुढं कुणाला कळत नाही, काम कुठल्या पद्धतीनं झालं ते.

काल संध्याकाळी आईच्या व्हीलचेअरचा पुढचा डावा चिमटा मोडला. चिमटा म्हणजे छोटं चाक ज्यात बसतं तो. गल्लीत पाइपलाइनसाठी खणून ठेवलंय, त्या चरात चाक गेलं. आई पडली नाही, माझ्या बायकोनं, बुद्धप्रियानं, धरलं. खुर्ची ढकलत कोण होतं, हा इथं मुद्दा नाही.

बुद्धप्रिया म्हणाली, कोपऱ्यावरच्या गुरुबसप्पाकडनं टाका मारून आणा की, चहा होईपर्यंत होतंय. मी नुसता हसलो. वेल्डिंग म्हणजे ठिगळ. तीसेक वर्षं चिंचोळी एमआयडीसीत इंजिनिअरिंग लाईनमध्ये काढली मी. स्टोअरमध्ये काढली हे खरं, पण सगळं स्टोअरमधूनच जातं. ज्याच्या हातून पोत्यानं कटर इश्यू झाले, त्याच्या आईच्या खुर्चीला ठिगळ लागणार नाही.

चिमटा अखंड अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून काढणार. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये छोटं लेथ मशीन आहेच, रिटायर होताना हौसेनं घेतलेलं. आतापर्यंत त्यावर एक भोवरा आणि अर्धा पेपरवेट झालाय. आता खरं काम मिळालं.

आई म्हणाली, लवकर कर बाबा, चंद्रव्वा वाट बगत आसंल. आठवड्यात देतो म्हणालो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

एक टेक्निकल बाब. चिमट्याला खाच लागते आणि लेथवर खाच निघत नाही. लेथवर जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, फिरतो, हत्यार गप्प उभं असतं. खाचेला उलटं पाहिजे, हत्यार फिरलं पाहिजे आणि जॉब सरकला पाहिजे. त्या मशीनला मिलिंग म्हणतात. ते आपल्याकडे नाही.

काही अडत नाही. लेथवर बसवायची मिलिंग अटॅचमेंट असते. कटर लेथच्या चकमध्ये, म्हणजे फिरत्या जबड्यात, धरायचा, जॉब एका छोट्या स्लाइडवर बांधायचा आणि ती स्लाइड मुठीनं फिरवत वर-खाली करायची. यूट्यूबवर एक गोरा म्हातारा आपल्या गॅरेजमध्ये एका व्हिडिओत बनवून मोकळा होतो. तो बनवतो तर मी का नाही. त्याचं तर इंग्रजीसुद्धा धड कळत नाही.

आईला क्रम समजावून सांगितला. आधी अटॅचमेंट, मग चिमटा, मग खुर्ची. तिनं विचारलं, अटकमेंट म्हंजी काय रं? म्हटलं, अटकमेंट नाही, अटॅचमेंट. व्हय, तेच की, म्हणाली.

१६ फेब्रुवारी, रविवार

चंद्रव्वा गल्लीच्या त्या टोकाला राहते. तिच्या दारापुढं ओटा आहे. आई रोज ऊन उतरलं की खुर्चीवरून तिथं जाते, म्हणजे जायची. हिचा खुबा गेलाय, तिचे गुडघे गेलेत. ती ओट्यावर, ही खुर्चीत. ती कानडीत बोलते, ही मराठीत, आणि दोघी एकाच वेळी बोलतात. फोन लावून दिला तर उपयोग नाही, चंद्रव्वाला ऐकू येत नाही, ती नुसती हां हां करत राहते. समोर बसली की मात्र आईच्या ओठांकडं बघून तिला सगळं कळतं, नको तेसुद्धा.

आज चंद्रव्वानं बुद्धप्रियाजवळ कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी दिली. वर निरोप, यावाग बर्ती? कधी येतेस?

बुद्धप्रिया म्हणाली, तोवर प्लास्टिकच्या खुर्चीवर उचलून नेऊ की, शेजारचा सतीश आहे, चंद्रव्वाचा नंदीश आहे. मी नको म्हटलं. आई म्हणजे काय सिलिंडर आहे? तर म्हणाली, मग विहाराच्या मंडळाकडं एक व्हीलचेअर पडून असते, एक फोन केला की देतात. मागून आणलेल्या खुर्चीवर माझी आई बसणार नाही. हे मी जरा मोठ्यानं बोललो. आतून आई म्हणाली, मी बसंन की. माझं मन मोडू नये म्हणून बोलली असणार.

आठवडा संपला. पण त्यात दोन दिवस नळाला पाणी यायचे होते, ते भरण्यात गेले, ते धरत नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

जुन्या लोखंडाच्या दुकानात अटॅचमेंटच्या पाठीची प्लेट आणायला गेलो. ड्रॉइंगवर जाडी ४ लिहिली होती. दुकानदारानं विचारलं, चार काय? मागं दोन फिटर उभे होते. मी रुबाबात म्हणालो, सूत. त्यानं चार सूत प्लेट कापून दिली.

घरी येऊन बघतो तर अर्धा इंच. ड्रॉइंगमध्ये चार एमएम होतं. आमचे बाबा गिरणीत होते, या घरात सूत म्हणजे कांडीवर भरायचं. मिस्त्री लोकांचं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे मला माहीत आहे, फक्त त्या वेळी आठवलं नाही. सोलापुरात राहून सुतात चुकलो हे कुणाला सांगायचं नाही.

बायकोला सांगितलं, मुद्दाम जाड घेतली, वजन असलं की थरथर कमी. प्लेट उतरवताना रिक्षावाल्यानं विचारलं, मामा, कुठल्या गटारीचं झाकण हाय? भाडं मोजून दिलं. आईनं खुर्चीचं विचारलं. प्लेट आली म्हणालो.

२ मार्च, रविवार

व्हिडिओ पुन्हा बघितला. स्लाइडला एकमेकांत अडकून सरकणाऱ्या तिरक्या खाचा लागतात. त्या खाचा मिलिंग मशीनवर काढतात. म्हणजे मिलिंग अटॅचमेंट बनवायला मिलिंग मशीन लागतं. गोऱ्याच्या गॅरेजमध्ये ते मागं उभं आहे. मला इतके दिवस वाटत होतं फ्रिज आहे.

त्याला खाली कमेंट टाकली, इंग्रजीत. उत्तर नाही.

५ मार्च, बुधवार

तोडगा सापडला. खाचांऐवजी दोन गोल दांड्यांवर स्लाइड सरकवायची. दांड्या मात्र सरळ आणि गुळगुळीत पाहिजेत. बाजारात फिरलो, मनासारख्या मिळाल्या नाहीत. घरी आलो, चहा घेताना समोर बघतो तर खुर्चीच्या मोठ्या चाकांचे एक्सल. बोटाएवढे जाड, विताला थोडे कमी, आरशासारखे.

खुर्ची तशीही चालत नाही. तात्पुरते घेतले.

चाकं भिंतीला टेकवून ठेवली. आई म्हणाली, चाकं का काडली? सर्व्हिसिंग, म्हणालो. ती चाकांकडं बराच वेळ बघत होती. सर्व्हिसिंग हा शब्द तिला कळला नसावा.

१४ मार्च, शुक्रवार

नंदीश भेटला. त्याची बदली गुलबर्ग्याला झाली. पोरांच्या परीक्षा झाल्या की मेच्या सुरुवातीला बिऱ्हाड हलवणार, आईलाही घेऊन जाणार, इथलं घर भाड्यानं देणार. मला म्हणाला, काका, आमची आई रोज संध्याकाळी ओट्यावर तुमच्या दिशेला तोंड करून बसते, तुमच्या आईंना एकदा आणा की. येत्या रविवारी आणतो म्हणालो. बोलून गेलो.

आईला हे लगेच सांगायचं नाही असं ठरवलं. आधी खुर्ची, मग बातमी. घरी आलो तर बुद्धप्रियानं सांगून झालं होतं. आई भिंतीकडं तोंड करून पडली होती. मी म्हणालो, मे लांब आहे. ती म्हणाली, व्हय, लांब हाय.

दूध आणायला आता मागच्या बोळातून जातो. चंद्रव्वाचं दार लागत नाही. तेवढंच चालणं होतं.

२३ मार्च, रविवार

भरघोस प्रगती. स्लाइडला जागच्या जागी धरायला कळ पाहिजे होती, खुर्चीचा ब्रेक अगदी मापात बसला. फिरवायच्या दांड्याला मूठ हवी होती, खुर्चीच्या मागची रबरी मूठ चढवली. कंपनीत याला स्टँडर्डायझेशन म्हणतात.

पहिली ट्रायल. कटर फिरला, ठोकळा पुढं सरकवला, ठोकळा सुटला आणि पाण्याच्या बॅरलला लागला. नेमका काल पाण्याचा दिवस होता. बॅरलला खालच्या अंगाला भोक पडलं. बुद्धप्रिया ड्यूटीवरून आली तेव्हा मी बोट लावून बसलो होतो. तिनं बादली आणून भोकाखाली ठेवली आणि आत गेली. आधी बोलायची, ते बरं होतं.

६ एप्रिल, रविवार

उन्हानं पत्रा तापतो, शेडमध्ये दुपारी बसवत नाही. म्हणून कामाला जरा वेळ लागतोय. हे कारण नाही, नोंद आहे.

मोडका चिमटा वाकडा झाल्यामुळं माप लागेना, म्हणून उजवा, चांगला चिमटा काढला. मापं घेऊन झाली. चिमटा हातातच होता. सहज स्लाइडवर बांधून बघितला, पकड किती आहे ते. मग सहज मशीन चालू केलं. कटरनं जरा जास्त घेतलं.

आता दोन चिमटे करायचे आहेत. एका नगासाठी एवढी अटॅचमेंट म्हणजे तशी उधळपट्टीच होती.

बुद्धप्रियाला हे सांगितलेलं नाही. तिनं विचारलेलं नाही. उजवं छोटं चाक कॉटखाली सरकवून ठेवलं.

१४ एप्रिल, सोमवार

आईला शब्द दिला होता, जयंतीला खुर्चीवरून चौकापर्यंत नेतो. दरवर्षी नेतो. पांढरं पातळ काल रात्रीच घडी करून उशाशी ठेवलं होतं तिनं.

झालं नाही. स्लाइड थरथरते. बुद्धप्रियानं आईला दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. मिरवणूक चौकातून पुढं गेली. आमच्या दारात नुसता आवाज आला. येणारेजाणारे आत डोकावून जयभीम घालत होते आणि विचारत होते, विठाबाई, खुर्ची कुठं गेली तुमची? मी शेडमध्ये गेलो आणि आतून कडी लावली. मापं घ्यायची होती. लाज वगैरे काही नाही.

संध्याकाळी. थोडी वाटली.

रात्री जेवताना आईनं विचारलं, आटुपली का ती अटकमेंट? अटॅचमेंट, मी म्हणालो. फार चिडून म्हणालो. भाकरी तशीच ठेवून उठलो. असं बोलायला नको होतं. उद्यापासून आईशी आवाज चढवायचा नाही, हा ठराव.

१९ एप्रिल, शनिवार

थरथरीचं मूळ सापडलं. दांड्या प्लेटमध्ये हलतात. त्या पक्क्या बसवायच्या तर एकच उपाय. अटॅचमेंट पोत्यात घालून गुरुबसप्पाकडं नेली, मागच्या बोळातून.

एवढ्यापुरतं वेल्डिंग चालतं. हे ठिगळ नाही, याला फॅब्रिकेशन म्हणतात. समोरच्या टपरीवर चहा सांगितला होता. चहा यायच्या आत झालं.

गुरुबसप्पा म्हणाला, सर, अव्वांची खुर्ची मोडलीय म्हणे, आणा की, यातच टाका मारून दिला असता. मी म्हणालो, बघू. चहा गरम होता, तोंड भाजलं.

२४ एप्रिल, गुरुवार

यश. आज दुपारी अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यात पहिली खाच निघाली. सरळ, स्वच्छ, कडेला धार. पांढरा चकचकीत कीस हातावर, शर्टात, केसात. मी स्टोअरमध्ये असताना मशीनवरची पोरं या किसानं माखून जेवायला यायची आणि मी आपला स्वच्छ हातानं डबा उघडायचो. आज माझे हात बघायला त्यांच्यापैकी कुणी नव्हतं.

तशीच्या तशी अटॅचमेंट उचलली, जड फार झालीय, आणि आईपुढं कॉटवर नेऊन ठेवली. म्हटलं, बघ. तिनं चष्मा मागितला. हात फिरवला. दांड्यांवरून, कळेवरून. मग मूठ हातात धरली आणि अंगठा खालच्या बाजूला नेला. रबराला तिथं एक चीर आहे. म्हणाली, ही तर माज्या खुर्चीची मूठ हाय. मग म्हणाली, ही बी खुर्चीचीच न्हवं का. आणि ही.

आईची नजर या वयातही इतकी चांगली आहे याचा मला आनंद झाला.

तिनं अटॅचमेंट हलकेच बाजूला सरकवली आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाली, चांगली झालीया. आनंद झाला असं वर लिहिलंय ते खरं नाही. तिथून उठून शेडमध्ये आलो आणि शर्टावरचा कीस झाडत बसलो.

२८ एप्रिल, सोमवार

चंद्रव्वा रविवारी सकाळी निघणार, टेम्पो ठरला. बुद्धप्रिया म्हणाली, आता तरी मंडळाला फोन करू का? मी म्हणालो, अवघे दोन चिमटे राहिलेत, एवढी कळ काढली तर अजून चार दिवस. कळ कुणी काढली, असं ती म्हणाली नाही. तिच्या तोंडावर मात्र होतं.

ठराव. शनिवारी खुर्ची उभी. रविवारी सकाळी मी स्वतः आईला ओट्यावर नेणार, सगळ्या गल्लीदेखत, पुढच्या रस्त्यानं. चंद्रव्वाला नवे चिमटे दाखवणार.

३ मे, शनिवार. संध्याकाळ

डावा चिमटा तयार. मी केलाय म्हणून सांगत नाही, पण वस्तू बघण्यासारखी झाली. चाक घालून फिरवलं, आवाजसुद्धा नाही.

खुर्चीला लावायला घेतला तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. खुर्ची उभी करायची तर मोठी चाकं पाहिजेत, मोठ्या चाकांना एक्सल पाहिजेत, आणि एक्सल अटॅचमेंटमध्ये आहेत. उजवा चिमटा अजून व्हायचाय, त्याला अटॅचमेंट पाहिजे. म्हणजे अटॅचमेंट सोडली तर चिमटा नाही आणि नाही सोडली तर चाकं नाहीत. कागदावर बाण काढून बघितले. बाण गोल फिरून जागेवर येतात.

तरी होईल. उद्या पहाटे उजवा चिमटा काढायचा, मग अटॅचमेंट सोडायची. एक्सल वेल्ड केलेत हे खरं. ते कापून काढता येतील. कापल्यावर आखूड होतील का, ते नंतर बघू.

 पांढरं पातळ पुन्हा आईच्या उशाशी दिसलं.

४ मे, रविवार. सकाळी

पाचलाच उठलो. कट छान चाललाय. टेम्पो दहाला निघणार म्हणतात, टेम्पो कधी वेळेवर निघतो का. बुद्धप्रिया दारात येऊन काहीतरी म्हणाली. मशीनच्या आवाजात कळलं नाही. हातानं थांब म्हणालो. शेवटचा एक कट.

त्याच दिवशी, दुपारी

लिहायचं नव्हतं. पण नोंद ठेवायची असं मीच ठरवलंय.

चिमटा निघाला. हातात घेऊन घरात गेलो, आईला हाक मारत. कॉट रिकामी. चादर नाही, पातळ नाही, प्लास्टिकची खुर्ची नाही.  बाहेर पळालो.

गल्लीच्या त्या टोकाला माणसं जमली होती. टेम्पो उभा, वर कपाट, गाद्या, तुळशीचं डबडं. आणि ओट्याला लागून सतीशची केळीची हातगाडी. तिच्यावर प्लास्टिकची खुर्ची सुतळीनं बांधलेली, खाली आमची चादर अंथरलेली, खुर्चीत आई. पांढऱ्या पातळात. बुद्धप्रिया तिच्या डोक्यावर छत्री धरून. बाजूला दोन केळीचे घड होते, सतीशनं ते उतरवायलाही वेळ घालवला नव्हता.

चंद्रव्वाला कुणीतरी ओट्यावर उभं केलं होतं, म्हणजे दोघींची तोंडं एका उंचीला आली होती. दोघी एकाच वेळी बोलत होत्या. दोघींनी एकमेकींचे हात धरले होते, आणि चंद्रव्वा आईच्या ओठांकडं बघत होती.

मी पुढं गेलो नाही. विजेच्या डीपीच्या मागं उभा राहिलो, हातात चिमटा, अंगभर कीस. इतक्या दिवसांत मी त्या रस्त्यानं पहिल्यांदा आलो होतो, आणि पाय पुढं टाकवेना.

जाणाऱ्या कुणीतरी हसून विचारलं, आजी, केळीच्या गाडीवर? व्हीलचेअर काय झाली? मला वाटलं, आता आई सांगणार. सांगायलाच पाहिजे होतं तिनं. आई म्हणाली, पोरगा नवी करतोया माजा. इकत भेटत न्हाय तसली. हे तिनं गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं. मग चंद्रव्वाकडं तोंड करून पुन्हा सांगितलं, सावकाश, एकेक शब्द. चंद्रव्वानं मान हलवली. कौतुकानं हलवली.

खोटं तिला जमत नाही. आयुष्यात कधी बोलली नाही. त्या चिमट्याची धार हाताला लागत होती आणि मी तो जोरात धरून उभा होतो.

टेम्पो वेळेवर निघाला.

मी मागच्या बोळातून घरी आलो, शेडमध्ये जाऊन बसलो. हातगाडी आल्याचा आवाज ऐकला. उचलायला गेलो नाही. सतीशनं आणि अजून कुणी आईला आत नेलं. मला माझीच शिसारी आली.

५ मे, सोमवार

बुद्धप्रियानं सकाळी मंडळाला फोन केला. दुपारी खुर्ची आली. आणणाऱ्या माणसानं निळ्या फडक्यानं पुसून दिली आणि जयभीम घालून गेला. फेब्रुवारीत केला असता तर फेब्रुवारीत आली असती.

फोन किती वेळ चालला असेल. भाजी फोडणीला टाकून केला होता, भाजी करपली नाही.

६ मे, मंगळवार

अटॅचमेंट, दोन चिमटे, चाकं, सांगाडा, सगळं पोत्यात घालून गुरुबसप्पाकडं नेलं. पुढच्या रस्त्यानं. म्हटलं, ही खुर्ची परत खुर्ची करून द्या. त्यानं सगळं जमिनीवर मांडलं.  चिमटे उचलून म्हणाला, हे लई भारी झालेत सर, कुणी केले? मी केले म्हणालो. मग अटॅचमेंट उचलून म्हणाला, आणि हे कुणी वेल्ड केलं? आता ते निघायचं न्हाय.

तुम्हीच केलं, असं म्हणायचं धाडस झालं नाही. पोतं परत आणलं.

१२ मे, सोमवार. बुद्धपौर्णिमा

संध्याकाळी आईला विहारात नेलं, मंडळाच्या खुर्चीवरून. मीच ढकलली. चर अजून बुजवलेला नाही, तिथं खुर्ची उचलून पलीकडं घेतली.

येताना चंद्रव्वाच्या ओट्याशी आई म्हणाली, थांब जरा. थांबलो. दाराला कुलूप. ओट्याला टेकवून कुणीतरी मोटरसायकल लावलेली. आईनं खुर्ची नेहमी लावायची तिथं लावायला सांगितली, ओट्याकडं तोंड करून. मी उभा. ती बसलेली.  मला आईशी काय बोलायचं असतं तेच माहीत नाही, इतकी वर्षं ते चंद्रव्वा बोलायची.

मी म्हणालो, आई, चुकलं माझं. तिनं ऐकलं का नाही कळलं नाही. पदर सारखा करत तिनं विचारलं, झाली का रं ती अटकमेंट?

झाली अटकमेंट, मी म्हणालो.

मग आता तिचं काय करनार, म्हणाली. मी म्हणालो, ही खुर्ची मंडळाला परत द्यायची आहे. तुझी दुरुस्त करतो. या वेळी नक्की करतो.

कर की, आई म्हणाली. निवांत कर. आता मला काय घाई न्हाय.